एस्टरचा वास

"कुणाच्या अंगाला तंबाखूचा वास येतोय? कोण आहे ते?"

केमिस्ट्रीचे सर ओरडत होते आणि बारावीची सगळी पोरं नळ्या हातात धरून पुतळे झालेली. एस्टरची टेस्ट चालली होती. अल्कोहोल आणि ॲसिड एकत्र करायचं, वर सल्फ्युरिक ॲसिडचे थेंब, गरम करायचं, पाण्यात ओतायचं. फळासारखा गोड वास आला की जमलं. नळीत नाक खुपसायचं न्हाय. हातानं वारा आपल्याकडं ओढून हळूच हुंगायचं.

सर एकेकाजवळनं फिरले. माझ्यापाशी थांबले. हात हलवून माझ्या अंगावरचा वारा नाकाकडं ओढला. अगदी नळी हुंगतात तसाच.

"हीच."

वर्ग असा हसला की कपाटातल्या बाटल्या वाजल्या.

आता निपाणीत तंबाखूचा वास कुणाला येत न्हाय? गावावरनं उडणारा कावळा संकेश्वरपर्यंत शिंकत जातो. माझी आई वखारीत तंबाखू चाळते. तिच्या एका शिंकेला कोगनोळी नाक्यावरचे ट्रक ब्रेक मारतात. आमची खोली एक, दोरी एक. दोरीवर तिचं वखारीचं लुगडं, शेजारी माझा युनिफॉर्म. आदल्या आठवड्यात सर म्हणालेले, जरा स्वच्छ येत जा. म्हणून आईनं युनिफॉर्म उदाच्या धुरावर धरला. तंबाखू हलली न्हाय, वरनं दर्ग्यातला उरूस चढला.

"व्हरांड्यात थांब," सर म्हणाले. "तुझ्यामुळं कुणालाच एस्टर कळणार नाही. पासापुरते मार्क देतो."

पासापुरते. आणि मला बी.एस्सी. करायची होती, केमिस्ट्री घेऊन. तरी गेले. पाय आपोआप चालले. आमच्या घरातल्या पायांना बाहेर थांबायची सवयच.

व्हरांड्यात मान वर गेली. लॅबच्या दारावर संगमरवरी पाटी. देणगीदाराचं नाव. आईच्या वखारीचे मालक. त्यांची पोरगी आत पहिल्या टेबलाशी. सर तिला बेटा म्हणतात.

सरांनीच शिकवलं होतं. सांगाडा सगळ्यांचा कार्बनचाच, गुण ठरतो तो त्याला जोडलेल्या गटावरनं. तंबाखू एक, वखार एक. मग वास माझ्याच अंगाला कुणी जोडला? हे कुठल्या धड्यात न्हवतं.

डोकं असं तापलं की वर बीकर ठेवला असता तर उकळला असता. परत आत गेले.

"सर, दारावरची पाटी तंबाखूची हाय. बर्नर तंबाखूचे, नळ्या तंबाखूच्या. त्यांचा वास तुम्हाला येत न्हाय. मी बाहेर थांबणार न्हाय."

कुणी हसलं न्हाय. मालकाची पोरगी टेबलाकडं बघत बसली. सर लिटमसगत लाल. मी बर्नर पेटवला, पाणी तापवलं, नळी धरली. एस्टर आलं. त्याचा वास बेळगावपर्यंत गेला म्हटलं तरी चालेल.

आईला सांगितलं तर ती आधी घाबरली. मालकाच्या कानावर गेलं तर वखारीतलं काम बंद, म्हणाली. पुढच्या प्रॅक्टिकलच्या सकाळी ती ऊद टाकायला निखारे घेऊन बसलेली. मी युनिफॉर्म दोरीवरनं तसाच ओढला, अंगात घातला. म्हटलं, ऊद नको. इथनं पुढं हा वास घेऊनच जाणार.

लॅबच्या दारात, त्या पाटीखाली, सर उभे होते.

"आज वास लपवायला काही लावून आलीस का?"

"न्हाय. माझी नळी द्या."