सव्वा मूठ

दोंडाईच्याच्या स्टेशनवर आई मला गाडीत बसवायला आली होती. नोकरी लागली होती बडोद्याकडे, करजणच्या पाइपच्या कारखान्यात. पगार किती, राहणार कुठे, तिने काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "कानबाईले घर येजो." मी खिडकीतून हसलो. अगं, वर्षातून एकदा यायला काय होतंय!

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. भावकीतल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू दळायचा, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायच्या. ते परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीच. भावकीनेच बसून संपवायचे.

माझं काम बघून शेठ म्हणाले, "तमारा गामना माणसो लई आवो, भाऊ!" मी हरखलो. आधी काकाचा मुलगा आणला, मग बाकीचे चुलतभाऊ, मग पुतणे. आपली माणसं एकत्र राहावीत म्हणून सगळ्यांना एकाच लाइनवर लावून घेतलं. केवढा शहाणा मी! शेठची दुसरी शेड उभी राहिली. गावात स्लॅबची घरं झाली, पोरी कॉलेजात गेल्या. मी गेलो की खुर्ची पुढे यायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची.

पण अख्खी लाइन एकदम रजेवर जाऊ शकत नाही, हे श्रावण आला तेव्हा कळलं. कुणाला सोडायचं ते ठरवणारा सुपरवायझर मीच. दरवर्षी निम्म्यांना थांबवायचो, आणि त्यांच्यादेखत गावी निघायची लाज वाटते म्हणून स्वतःही थांबायचो. गेल्या वर्षी निर्यातीची ऑर्डर होती. कुणीच गेलं नाही. कानबाईच्या दिवशी बडोद्याच्या निजामपुऱ्यात माझ्या फ्लॅटवर सगळ्यांना श्रीखंड-पुरीला बोलावलं. कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं.

गावात आईने मात्र सगळ्यांच्या मुठी मोजल्या होत्या. उरलेले रोट म्हाताऱ्यांनी पाण्यात बुडवून बुडवून संपवले.

परवा तिचा फोन आला. "यंदा तुमन्या मुठी धरू का नको?"

आमच्यात मूठ गळते ती माणूस गेल्यावर.

सकाळी शेठकडे गेलो, दोन दिवस लाइन बंद ठेवा म्हणालो. माणूस वाईट नाही. चहा पाजला आणि म्हणाले, "लाइन बंध राखुं? तो पछी मारे बीजा माणसो लाववा पडे ने!" दुसरी माणसं आणावी लागतील, ही काही धमकी नव्हती, ते खरं तेच सांगत होते. आणि बाहेर मशीनवर माझेच भाऊ उभे होते, मीच आणलेले.

कारखान्याच्या आवारात येऊन आईला फोन लावला. "धर, सगळ्यांच्या धर," म्हणालो. ती इतकी खूश झाली, की कोण कोण येणार हे विचारायचंसुद्धा विसरली. मीही सांगितलं नाही.

घर कुठलं, असं बडोद्यात कुणी विचारलं की अजून तोंडातून गावाचंच नाव येतं. जिथे आपली मूठ मोजतात ते घर, असं मी मानतो. यंदाही माझी मूठ तिथे दळली जाईल. चावायची मात्र आईला आहे, आणि तिचे आता दातही राहिले नाहीत.