घाटात हात धुतले तेव्हा

देवाविषयी मला कधी शंका आली नाही. शंका आली ती माझ्या दंडावरच्या सेन्सरविषयी, आणि ती इतकी वाढत गेली की शेवटी देवालाच विचारायची पाळी आली. त्या दिवशी काय झालं ते मी चारचौघांत कधी सांगू शकले नसते. चार माणसं बघत असली की माझा शब्द घशातच राहतो. म्हणून घरात कुणी नसताना हे लिहिते आहे.

मला साखरेचा आजार आहे आणि रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. मागच्या वर्षी एकदा स्वयंपाक करता करता साखर इतकी उतरली की मी ओट्याजवळच कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा दवाखान्यात होते आणि मुलगा माझा हात धरून रडत होता. शेंद्र्याच्या कंपनीत मशीन चालवणारा, कधी डोळ्यांत पाणी न आणणारा माझा मुलगा. तिथंच पडल्या पडल्या मी भद्रा मारुतीला बोलले की पायावर नीट उभी राहिले तर श्रावणातल्या शनिवारी दौलताबादपासून चालत तुझ्या दर्शनाला येईन आणि वाटेनं गूळफुटाणे वाटीन. घरी आल्यावर मुलानं आणि सुनेनं हा सेन्सर लावला. रुपयाच्या नाण्याएवढं पांढरं बटण, त्याची केसासारखी तार कातडीखाली असते. साखरेचा आकडा मोबाइलवर येतो आणि तोच आकडा सुनेच्या मोबाइलवरही दिसतो. साखर फार उतरली की मोबाइल कोकलायला लागतो. त्यामुळं घरातल्यांच्या जिवाला घोर राहणार नाही असं सगळ्यांना वाटलं.

पण झालं उलटंच. पहिला सेन्सर घामानं सुटून बादलीत पडला. दुसरा लावला तेव्हा मी ठरवलं की याला आता मारुतीच्या हवाली करायचं. आमच्या पुंडलिकनगरातल्या देवळातून काळा दोरा आणला आणि सेन्सरवरूनच दंडाला बांधला. सेन्सर पडायचा नाही आणि देवाचा हातही त्याच्यावर राहील, असा माझा दुहेरी विचार होता. धुणंभांडी करताना, बाहेर जाताना दोरा चांगला आवळायचे. संध्याकाळी देवापाशी बसले की सैल करायचे. सुनेनं दोरा पाहिला होता, पण देवाचं म्हणून तिनंही त्याला बोट लावलं नाही.

तेव्हापासून सेन्सर लहरी झाला. सकाळी कामात असले की आकडा धाडकन खाली, मोबाइलची बोंब, सून धावत साखरेचं पाणी घेऊन हजर. संध्याकाळी बोटाला टोचून घरच्या छोट्या मशिनीवर पाहिलं की दोन्ही आकडे अगदी जुळायचे. सून बिचारी नाना उपाय करून थकली. मोबाइल बंद करून चालू केला, नवा सेन्सर दुसऱ्या हाताला लावला (दोराही मी तिकडं नेला), मला पाणी भरपूर पाजलं. कंपनीच्या माणसाला फोन लावला तेव्हा त्यानं विचारलं, त्या कुशीवर झोपता का, सेन्सरवर दाब पडतो का. मी म्हटलं, नाही, मी दुसऱ्या कुशीवर झोपते. ते खरंच होतं. त्यांनी सेन्सर बदलून दिला, मी त्यावर पुन्हा दोरा बांधला, आणि तो सेन्सरही तसाच निघाला. खोट्या भोंग्यांवर साखरेचं पाणी पिऊन पिऊन माझी खरी साखर मात्र चढत गेली. डॉक्टर रागावले. म्हणाले, भोंगा वाजला आणि तुम्हाला काही होत नसेल तर आधी हात धुवा, बोटाला टोचून बघा, मग काय ते ठरवा. मुलगा एवढंच म्हणाला, "आई, या मशीनचा भरवसा बसेपर्यंत तू एकटी कुठं जायची नाहीस." दळण आणायलाही कुणीतरी बरोबर यायला लागलं. प्रेमानंच सगळं चाललं होतं, म्हणून तक्रार तरी कुणाकडं करायची? मन मात्र कोंडल्यासारखं झालं होतं.

नवसाला मुलानं कशीबशी परवानगी दिली, तीही शेजारची सुमन बरोबर होती म्हणून. सुमन सोयगावची, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला कळावं. निघताना मुलगा म्हणाला, "वाटेत काही गडबड झाली तर सरळ घ्यायला येईन, आणि मग पुढच्या वेळेचं नाव काढायचं नाही." दौलताबादपर्यंत आम्ही रिक्षानं गेलो आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात चालायला लागलो. डोंगर हिरवेगार, लोकांचा जयजयकार, कुणी चहा देतंय, कुणी केळी. मी ओंजळीओंजळीनं गूळफुटाणे वाटत होते. अनोळखी माणसं हात पुढं करून "जय बजरंगबली" म्हणायची, आणि माझ्यासारख्या लाजाळूच्या तोंडूनही मोठ्यानं निघून जायचं. इतकी मोकळी मी कितीतरी दिवसांत झाले नव्हते.

घाट अर्धा चढलो आणि पिशवीतला मोबाइल कोकलला. आकडा साठाच्या आसपास, आणि साखर अजून उतरतेय असं सांगणारा बाण खाली. लगेच सुनेचा फोन आला.

"आई, खाली बसा आधी! गूळ आहे ना जवळ? खा पटकन!"

मला ना घाम होता, ना थरथर. डॉक्टरांचं बोलणं आठवलं म्हणून रस्त्याकडेच्या दगडावर बसून बोटाला टोचलं. आकडा आला तीनशेच्या वर. सुमन ओरडलीच, "अगं बया! वैनी, तीनशे झालीय, गूळ कशाचा खाताय? इन्सुलिनची सुई घ्या आधी!"

फोनवरून सून म्हणत होती, "सुई नका घेऊ हो आई, पडाल तुम्ही!"

दंड म्हणत होता गूळ खा, बोट म्हणत होतं सुई घे. एकीकडे सून, एकीकडे सुमन. चुकीचं ऐकलं असतं तर मी त्या घाटातच आडवी झाले असते. आणि काहीच न करता मुलाला बोलावून घेतलं असतं तर माझं बाहेर पडणं कायमचं मिटलं असतं. मी डोळे मिटले. मागायलाही धड शब्द सुचेनात. एवढंच म्हटलं, "मारुतीराया, मला काही कळत नाही. आता तूच सांग."

"काय झालं गं माय? चक्कर आली का?"

डोळे उघडले तर समोर एक म्हातारी मुसलमान बाई. लिंबाच्या झाडाखाली पेरूची पाटी मांडून बसली होती, तिथून उठून आली होती.

"चक्कर नाय हो खाला," सुमन म्हणाली, "दोन मशिनींचं भांडण लागलंय."

"मशिनीतलं मला काय कळतंय? पण हिचे हात बघ किती चिकट झालेत, माशा बसायल्यात. आधी हात धू गं माय."

मी माझ्या तळव्यांकडं बघितलं. सकाळपासून मी त्याच हातांनी गूळ वाटत होते! डॉक्टरांचं निम्मं बोलणं मी ऐकलं होतं आणि हात धुवायचं नेमकं विसरले होते. खालानं लोटा आणला. बाही भिजू नये म्हणून तिनंच माझ्या पोलक्याची बाही वर सरकवली आणि तिथंच थांबली.

"या अल्ला! हे काय गं? हाताला फास लावलायस का?"

दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी मांस फुगून वर आलं होतं आणि सेन्सर मध्ये रुतून बसला होता.

"मारुतीचा दोरा आहे," मी कशीबशी म्हटलं.

"असू दे की. माझ्या आईनंबी मला दर्ग्यातला गंडा बांधला होता. पण खालून बोट गेलं पाहिजे, बाई. देवाला इतकं कशाला आवळायलीस? तो काय पळून चाललाय?"

सुमन खो खो हसत सुटली, फोनवर सूनही हसली, आणि मग मलाही हसू आवरेना. हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटाला टोचलं. एकशेअडतीस. ना गूळ लागणार होता, ना सुई. खालानं गाठ सोडून दिली आणि मी दोरा कपाळाला लावून दुसऱ्या दंडाला बांधला, बोट जाईल इतका सैल. आम्ही तिथंच सावलीत बसलो. हळूहळू सेन्सरचा आकडाही वर सरकत आला आणि बोटाच्या आकड्याजवळ येऊन थांबला. सुनेनं फोनवर नुसतं "अगंबाई!" म्हटलं. कंपनीचा माणूस दाबाविषयी विचारत होता तो हाच दाब, हे आमच्या दोघींच्या तेव्हा ध्यानात आलं. मला फक्त झोपेतलाच दाब ठाऊक होता.

पुढचा घाट कसा चढले ते कळलं नाही. देवळात मारुती निवांत आडवा पहुडलेला, इथली मूर्तीच तशी. मी किती मागण्या ठरवून गेले होते. समोर उभी राहिले आणि एकही आठवली नाही. डोळे वाहत होते आणि तोंडावर हसू होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, लई बरं वाटतंय."

अशा गोष्टींत मदत करणारं माणूस परतताना दिसेनासं झालेलं असतं, असं मी ऐकलं होतं. आमची खाला मात्र तिथंच होती, एका गिऱ्हाइकाशी पेरूच्या भावावरून भांडत. मी प्रसादाचा नारळ दिला. तिनं तो कपाळाला लावून पाटीत ठेवला आणि एक पेरू कापून माझ्या हातावर ठेवला. "अर्धाच खा. आणि हात धू!"

तिला देवानं पाठवलं की ती रोजच तिथं बसते, हा वाद मी मनात घातला नाही. देव तिच्या तोंडून बोलला तेव्हा ती पेरू विकतच बोलली, एवढं मला पुरतं. तोवर मला वाटायचं की देवावर सोपवायचं म्हणजे घट्ट धरायचं. आता आपल्या वाट्याचं, म्हणजे हात धुणं, तपासणं, विचारणं, एवढं नीट करते आणि बाकीचं सैल हातानं त्याच्यापाशी ठेवते. त्यानंतर सेन्सर कधी चुकलाच नाही असं नाही. पण तो चुकला की मी घाबरत नाही. बोट टोचून बघते.

मुलानं सगळी हकीकत ऐकली, दोरा पाहिला, सेन्सर पाहिला आणि तो कामावर निघून गेला. आता एकटीला जाऊ देईल का, ही धाकधूक माझ्या मनात होती. दोन दिवसांनी मी चपला घातल्या आणि जीव मुठीत धरून म्हटलं, "मी भाजी घेऊन येते." तो जेवत होता. वर न बघता म्हणाला, "येताना कोथिंबीर आण."

मी जिना उतरून रस्त्यावर आले. एकटी. मारुतीराया, तुझे उपकार कसे फेडू?