नागानं सोडलेला माणूस

रेणापूरजवळच्या आमच्या गावात शिवशंकरचं किराणा दुकान आहे. तो माझा मावसभाऊ. त्याच्याविषयी गावात एक गोष्ट कौतुकानं सांगतात आणि ती साफ खोटी आहे.

दहावीत तो नापास झाला. निकालाच्या दिवशीच त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. पोरगा वाचला, पण चार माणसांत ऊठबस असलेल्या लिंगायताच्या घरात असं घडलं हे सांगायचं कसं? त्याच्या वडिलांनी, ईश्वरप्पांनी, सांगून टाकलं, साप चावला. सापामुळं कुणाच्या घराण्याला नाव ठेवत नाहीत.

पण आमचं गाव हौशी. नागानं डसून सोडलं म्हणजे पोरगं भाग्याचं! पुढच्या पंचमीला बाया वारुळाला दूध घालून थेट त्याच्या दारात आल्या. लेकराच्या डोक्यावर हात ठेव म्हणाल्या. तेव्हापासून दरवर्षी हेच. आता छत्तिशीतला हा बाप्या कपाळभर भस्म लावून बसतो आणि खाली मान घालून लेकरांच्या डोक्यावर हात ठेवतो. लोक म्हणतात, केवढा नम्र! नम्र कसला, शरमेनं त्याची मान वर होत नाही.

एकदा मला म्हणाला, "खरं कळलं तर ह्या बाया लेकरं हिसकून नेतील रे."

दर दोन-तीन वर्षांनी त्याचं बिनसायचं. शटर अर्धंच उघडायचं, अंघोळ नाही, जेवण नाही, डोळ्याला डोळा नाही. दवाखान्यात गेलं की त्याची आई, रत्नम्मा मावशी, आधी सापाचं सांगायची. मग रक्त तपासा, लघवी तपासा, सलाईन लावा. मूळ गोष्टच लपवल्यावर डॉक्टर काय करणार, डोंबल!

यंदा तो बायकोला म्हणाला, "दुकानाचं समदं शिकून घे. पुढं तुलाच बघायचंय." शिल्पा घाबरली. तिनं मला फोन केला. मी जीप काढली आणि त्याला लातूरला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. शिल्पाबरोबर मावशीही चढली. आमच्याकडं पेशंटाबरोबर निम्मं घर आत जातं, तसे आम्ही चौघंही आत गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "आधी कधी स्वतःच्या जिवाला काही करून घेतलं होतं?"

"न्हाई न्हाई," मावशी लगेच म्हणाली. "साप चावला व्हता त्याला."

शिल्पानंही मान हलवली. लग्नाआधी तिलाही हेच सांगितलं होतं. माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शिवशंकर चपलांकडं बघत बोलला.

"साप न्हवता, मॅडम. म्याच केलतं."

शिल्पा त्याच्याकडं बघतच राहिली. बाई शांतपणे म्हणाल्या, "कोवळ्या वयात असं झालं आणि तेव्हा उपचार झाले नाहीत, तर मोठेपणीही हा त्रास पुन्हा उठू शकतो. हा आजार आहे, गुन्हा नाही. आणि बरा होतो. हल्ली तसे विचार येतात?"

त्यानं चपलेचा अंगठा फरशीवर घासला. मग म्हणाला, "हाव. लई येतात."

शिल्पानं त्याचा दंड धरला. बाईंनी उपचार आजच सुरू करू म्हणून सांगितलं, आणि घरच्यांनी त्याला एकटं सोडायचं नाही, असंही.

तेव्हा मावशीनं पदर तोंडाला लावला. "म्या म्हणले व्हते त्याला. नापास झालास, आता हे तोंड घिऊन घरात यिऊ नको. हे लोकायला कळू नये म्हणून साप."

शिवशंकरनं पहिल्यांदा मान वर केली. "अव्वा, मला वाटलं तू इसरलीस."

"कशी इसरू रे? रोज तुझ्या ताटात वाढताना आठवतंय. ते अजून मनात हाय का, हे तुला इचारायची लाज वाटत व्हती."