एझेर म्हणजे कोण

लग्न ठरलं तेव्हा मी अमरावतीला सरकारी ऑफिसात कनिष्ठ सहायक होते. आमचं घर बौद्ध, धामणगाव रेल्वेचं. ज्याच्याशी ठरलं तो माझ्याच ऑफिसातला, अकोल्याच्या ख्रिस्ती घरातला. त्याचे वडील तिथल्या एका लहानशा चर्चचे पाळक. दोन्ही घरांनी आधी कुरकुर केली, मग होकार दिला. नोंदणी कचेरीत सह्या करायच्या आणि एकाच मंडपात आधी बुद्धवंदना, मग त्यांची प्रार्थना, असं ठरलं.

बोलणी करायला आई आणि मी अकोल्याला, जठारपेठेतल्या त्यांच्या घरी गेलो. लग्नात शास्त्रातलं काय वाचणार, ते पाळककाका सांगू लागले. अगदी सुरुवातीची गोष्ट. माणूस एकटा आहे हे देवाला बरं वाटत नाही, म्हणून तो त्याच्यासाठी एक सहायक निर्माण करतो. ती पहिली बाई.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, मी ऑफिसात दिवसभर सहायकच आहो. घरी बी सहायकच राहू काय? आन् घरी तं बढती बी नाही."

होणारा नवरा खोकला. आईनं मला कोपरानं ढोसलं. होणाऱ्या सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथं हसल्या, ते बाहेर ऐकू आलं. काका मात्र हसले नाहीत. "मले पाहू दे," एवढंच म्हणाले. परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत आई मला बोलत होती.

पुढच्या आठवड्यात काका एकटेच आमच्या घरी आले, फोनसुद्धा न करता. खांद्याला पिशवी, पिशवीत विटेएवढा जाड कोश. आईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, सोयरिक मोडायला आले.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी कोश बाबांच्या पुढ्यात उघडला. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. अक्षरं निरखून म्हणाले, "हे तं उर्दूसारखं उजवीकडून चालते."

"हिब्रू आहे. तरुणपनी शिकलो, मंग सुटलं. तुमच्या पोरीनं पुन्हा काढाले लावलं." काकांनी एका शब्दावर बोट ठेवलं. "हा पाहा. एझेर. आपन याचं सहायक केलं."

मग ते समजावून सांगत बसले. हा शब्द शास्त्रात फार ठिकाणी नाही, आणि जिथं आहे तिथं बहुतेक वेळा खुद्द देवासाठी आहे. डोंगरांकडे पाहून कुणी विचारतो, माझी मदत कुठून येईल, तिथं हाच शब्द. मोशे या संदेष्ट्याला देवानं राजाच्या तलवारीपासून वाचवलं, त्याची आठवण म्हणून त्यानं मुलाच्या नावात हाच शब्द घातला. लढाईत मदतीला धावून येणारं सैन्य, तेही एझेर.

"म्हनजे हाताखालचा मानूस नाही," काका म्हणाले. "जो आला नाही तं आपलं निभत नाही, तो एझेर. आन् त्याले लागूनच दुसरा शब्द आहे, केनेगदो. बरोबरीनं समोर उभा राहनारा."

बाबांनी कोश आपल्याकडे ओढून तो शब्द पुन्हा निरखला. मग म्हणाले, "पाळकसाहेब, देव जर मानसाचा सहायक, तं मंग साहेब कोन?"

काका असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "हे मी लग्नात सांगतो. तुमचं नाव घेऊ काय?"

"घ्या ना. पन मी बुद्धाचा मानूस आहो, हे बी सांगा."

आईला अजून धीर नव्हता. "म्हनजे सोयरिक मोडाले नाही आले तुमी?"

"मोडाले येवढं ओझं घेऊन कोन येते, बाई?"

आई तशीच उठली आणि बेसन कालवायला बसली. पातोड्यांची भाजी खाऊनच काका गाडीला गेले.

लग्नात त्यांनी छापलेलं आहे तसंच वाचलं, मग पुस्तक मिटून एझेरचा अर्थ सांगितला आणि बाबांचा प्रश्न बाबांच्याच शब्दांत विचारला. मंडपाच्या दोन्ही बाजू हसल्या. आमचे ऑफिसातले साहेब पुढच्या रांगेत बसले होते. सगळे त्यांच्याकडेच पाहू लागले, तेव्हा त्यांनाही हसावं लागलं. बाबा तर उभे राहून नमस्कार करू लागले, जसं काही त्यांचाच सत्कार चालला आहे.

लग्नानंतर रविवारी दुपारी अकोल्याला गेलो की मी काकांकडून हिब्रू अक्षरं शिकू लागले. दोन अक्षरं तर इतकी सारखी की मी दर वेळी चुकायची, आणि काका दर वेळी नव्यानं सांगायचे. एकदा मुक्कामी राहिलो होतो, तेव्हा सकाळी ते दाढी करत असताना मी एकटीच पुस्तक घेऊन बसले होते. एका स्तोत्रात एझेर हा शब्द माझा मलाच सापडला. मी ओरडलेच. काका गालावर साबण तसाच ठेवून धावत आले, वाकून पाहिलं आणि त्यांनी सासूबाईंनाही हाक मारली.

सासूबाई पिठाच्या हातांनी आल्या. त्या ओळीकडे आदरानं पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बरं झालं तुले वाचता येते. येवढं लंबं प्रवचन करा म्हनून कुठं लिहिलं आहे, ते आता शोधून दाखव तुह्या सासऱ्याले."