पुढच्या भाडेकरूचं कोपर

रोस्विता नीडरकाम्प आणि मी एकाच कारखान्यात होतो. घरात बसवायची स्वयंपाकघरं करण्याचा कारखाना. जर्मनीत, वेस्टफालियातल्या आमच्या गावात निम्मी माणसं त्यातच. मी माल रवाना करण्याच्या कचेरीत, ती तपासणीच्या शेवटच्या टेबलापाशी. कपाटाचं प्रत्येक दार तिच्यापुढून जायचं. ती आधी बघायची नाही, तळहात फिरवायची. कड केसाएवढी उचललेली असली तरी हाताला कळायची आणि दार बाजूला पडायचं. एखादा तरुण मुकादम म्हणायचा, "बाई, हे गिऱ्हाइकाला दिसणारसुद्धा नाही." ती म्हणायची, "गिऱ्हाईक रोज ओल्या फडक्यानं पुसणार आहे. चार वर्षांनी दिसेल. तेव्हा तू दुसऱ्या कारखान्यात असशील."

अशी चौतीस वर्षं. आणि या बाईचं स्वतःचं स्वयंपाकघर मात्र सासूचं होतं.

सासूबाई ठेंगण्या होत्या. त्यांच्या ओट्याची उंची ब्याऐंशी सेंटिमीटर. रोस्विता एक मीटर एक्क्याऐंशी, कारखान्यातल्या बायकांत सगळ्यांत उंच. लग्न होऊन आली तेव्हा त्या ओट्याशी सासूबाई उभ्या होत्या. त्या वारल्या, ओटा राहिला. भांडी घासताना रोस्विता पाय फाकून, मान खाली घालून उभी राहायची आणि तिचा नवरा एवाल्ड पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडं रोज संध्याकाळी जिराफ पाणी प्यायला येतो." पाहुणे हसायचे. मीही हसलो आहे. तिची कंबर गेली तरी ओटा बदलायचा विषय निघाला की एवाल्ड म्हणायचा, "आईचं ओकचं लाकूड आहे. आपल्या मागं शंभर वर्षं राहील."

घर विकावं लागलं ते एवाल्डच्या गुडघ्यांमुळे. जिना चढवेना. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे आणि माझ्या वरचीच जागा रिकामी होत होती, हे त्यांना मीच सांगितलं.

आमच्याकडं जागा भाड्यानं मिळते, स्वयंपाकघर मिळत नाही. जाणारा भाडेकरू कपाटं, ओटा, नळाखालचं सिंक, सगळं उपसून घेऊन जातो, नाहीतर येणाऱ्याच्या गळ्यात मारून जातो. वरच्यानं सगळं नेलं होतं. उरली होती तीन मीटर दहाची एक सरळ भिंत, नळाची दोन तोंडं आणि शेगडीसाठी लोंबणारी जाड वायर.

एवाल्डच्या मनात आईचं स्वयंपाकघर न्यायचं होतं. त्यानं दोन दिवस मोजमापं घेतली. ते काटकोनातलं, पाच मीटरचं.

"कापता येईल," तो म्हणाला.

"काप की," रोस्विता म्हणाली. "करवत मी धरते."

त्यानं मापांचा कागद घडी घालून ठेवून दिला. नवीन घ्यायचं ठरलं. ऑगस्ट संपत आला होता, जागा एक नोव्हेंबरला ताब्यात मिळायची होती.

मला वाटलं होतं, हिला काय अवघड? चौतीस वर्षं हेच केलंय. पण जिला सगळं कळतं तिला काहीच घेववत नाही. गाडी मीच चालवायचो, कारण एवाल्डला आता क्लच दाबवत नव्हता. पहिल्या दुकानात तिनं खण पुरता ओढला, तो टोकाशी डुगडुगला. दुसऱ्यात सिंकच्या अगदी शेजारी ओट्याला सांधा. तिसऱ्यात सगळं ठीक होतं, तोवर ती गुडघ्यावर बसली आणि तिनं भांडी धुण्याच्या यंत्रावर ओट्याच्या खालच्या अंगाला बोटं फिरवली. तिथं वाफ अडवायची पट्टी लावतात. ती नव्हती.

"लावून देऊ ना," विक्रेता म्हणाला.

"मी खाली वाकले नसते तर?"

घरी आली तरी ती बसायची नाही. माझ्याकडं मनुकांचा केक घेऊन यायची, मी "बस" म्हणायचो, ती "बसते" म्हणायची आणि खिडकीशी जायची, तिथून दाराशी. मधेच माझंच एखादं कपाट उघडून बिजागरी हलवून बघायची. "कुणी लावलं हे?" विचारायची. मी ओशाळायचो.

चौथं दुकान टीमान बाईंचं. त्या शहाण्या. रोस्विता दारं, कडा, खण बघत होती ती वीस मिनिटं त्या तोंडातून शब्द काढत नव्हत्या. मग एवढंच म्हणाल्या, "पास?"

"बिजागऱ्या चांगल्या आहेत," रोस्विता म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे खूपच झालं.

"मग आता सरळ उभ्या राहा. हात कोपरात वाकवा." टीमान बाईंनी जमिनीपासून कोपरापर्यंत मोजपट्टी लावली. "एकशे बारा. त्यातून पंधरा वजा. तुमचा ओटा सत्त्याण्णवचा."

रोस्विता तशीच हात वाकवून उभी राहिली. लाखभर स्वयंपाकघरं हाताखालून गेली असतील, तिचं माप कुणी घेतलेलं नव्हतं.

"नेहमीची उंची काय असते?" खुर्चीवरून एवाल्डनं विचारलं.

"एक्क्याण्णव. बहुतेक सगळे तीच घेतात."

"मग एक्क्याण्णव लिहा."

"पण यांच्या कोपराला..."

"कोपराला व्हायचं ते होऊन गेलंय. आपण काय तिथं जन्मभर आहोत? आपण गेलो की पुढचा भाडेकरू हे घेईल, पोरांना चार पैसे मिळतील. सत्त्याण्णवचं कोण घेणार? बास्केटबॉलवाले?"

टीमान बाई हसल्या. हसायला नको होतं. "तसं खरं आहे," त्या म्हणाल्या, "वेगळ्या उंचीचं पुढं खपवताना त्रास होतो."

रोस्वितानं हात खाली घेतला. "कोण आहे हा पुढचा भाडेकरू? बाई की पुरुष?"

"मला काय माहीत!" एवाल्ड म्हणाला.

"त्याची उंची मात्र माहीत आहे."

तिनं पर्स उचलली आणि ती बाहेर पडली. टीमान बाई मला हळूच म्हणाल्या, "शनिवारी दोनपर्यंत सही आली तर ऑक्टोबरअखेर देते. नाहीतर नाताळ उजाडेल." त्या दिवशी बुधवार होता.

ती हमरस्त्याच्या कडेनं घराकडं चालत सुटली होती. सहा किलोमीटर. मी तिच्या बाजूनं गाडी हळूहळू नेत होतो, मागच्यांचे हॉर्न वाजत होते.

"सहा सेंटिमीटर!" एवाल्ड मला म्हणाला. "सहा सेंटिमीटरसाठी या बाईचं डोकं फिरलंय." मग काच खाली करून, "रोझी, बस आत. लोक बघतायत."

"बघू देत. सरळ चालतेय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडं आली. खिडकी, दार, खिडकी. "पस्तीस वर्षं सासूच्या कोपराशी वाकले," ती म्हणाली. "आता जो अजून आलाच नाही त्याच्या कोपराशी वाकू? त्या दोघांच्या मधे मी होते की नव्हते, फ्रीडहेल्म?"

मी म्हणालो, "एवाल्डचंही अगदीच चूक नाही. लोक एक्क्याण्णवच घेतात."

"कोणते लोक?"

"असेच. सगळे."

तिनं पर्समधून लाकडी घडीची पट्टी काढली. "चल. बघू या."

मला वाटलं थट्टा करते आहे. पण ती तळमजल्यापासून सुरू झाली. घंटा वाजवायची, सांगायची, "मी वर राहायला येणारी. तुमचं कोपर हवंय." मी मागं पट्टीचं टोक जमिनीशी धरून ओणवा. तळमजल्यावरची कोसोवोची व्योसा पिठाच्या हातानंच बाहेर आली. पंधरा वजा जाता अठ्ठ्याऐंशी. तिला इतकी मजा वाटली की तिनं नवऱ्यालाही ओढून आणलं. पंचाण्णव, आणि तो तर चहासुद्धा करत नाही, म्हणाली. पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या ओबरपेनिंग बाईंचं माप एकोणऐंशी आलं आणि त्या रागावल्या, "नीट घ्या! मी एवढी लहान नव्हते!" इस्पितळात परिचारक असलेला युलियान रात्रपाळी करून नुकताच आला होता. डोळे मिटूनच त्यानं हात वाकवला. नव्व्याण्णव.

"एक्क्याण्णव कुठाय?" दर मजल्यावर ती म्हणायची. तिच्या गालांवर लाली चढली होती. मग जिन्यातच माझ्याकडं वळली.

"उभा राहा."

"मला स्वयंपाक येत नाही."

"स्वयंपाक नको. कोपर दे."

एकशे सहा. तिनं ओठांतल्या ओठांत पंधरा वजा केले आणि माझ्याकडं बघतच राहिली.

"म्हणजे तो तू!"

"कोण मी?"

"पुढचा भाडेकरू. सबंध इमारतीत एकटा. संध्याकाळी काय खातोस तू?"

"पाव. चीज."

"ओट्याशी उभा राहून?"

"टेबलाशी. बसून."

ती पायरीवर बसून हसायला लागली. आणि मधेच थांबली. मला बाहीला धरून वर नेलं. घरमालकानं मापांपुरती दार उघडून दिलेल्या रिकाम्या जागेत एवाल्ड पडद्यांसाठी खिडक्या मोजत होता. तिनं मला त्या नळाच्या तोंडांपुढं उभं केलं.

"एवाल्ड, हा बघ तुझा भाडेकरू. कोपर बरोब्बर एक्क्याण्णवचं. याच्यासाठी मी वाकायचं."

"फ्रीडहेल्म? हा अंडंसुद्धा उकडत नाही!"

"तेच म्हणतेय मी."

मला तिथून निघून जायचं होतं, पण बाही तिच्या हातात होती. एवाल्डनं हातातली फीत खिडकीशी ठेवली. मग पुढं येऊन उभा राहिला आणि त्यानं हात वाकवला. "माझं घे."

एकशे एक. शहाऐंशी.

"आईचं ब्याऐंशी," तो म्हणाला. "मी शहाऐंशी. मला कधी तो ओटा खाली वाटला नाही. एकदाही नाही."

"तुला कसा वाटेल?"

"सत्त्याण्णवला मी काय करू? नाक टेकवून बटाटे किसू?"

"खुर्चीवर बस आणि कीस."

"आणि पोरांना काय सांगू?"

"सांग, त्यांच्या आईचं माप घेतलं."

इथं सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण शनिवारी सकाळी गाडीत बसल्यापासून तिची चुळबुळ सुरू. दुकानाच्या आधीच्या सिग्नलला म्हणाली, "फ्रीडहेल्म, गाडी वळव. एक्क्याण्णवच लिहू या. पोरांचंही बघायला हवं ना? नाहीतर चौऱ्याण्णव. मधलं."

मी आरशातून एवाल्डकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"मधलं कुणाचं माप आहे?" तो म्हणाला.

सिग्नल हिरवा झाला. मी सरळ गेलो. दोनला वीस मिनिटं असताना तिनं सही केली. टीमान बाईंनी आकडा मोठ्यानं वाचला तेव्हा तिनं पुन्हा वाचायला लावला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, घरमालकानं किल्ल्या थोड्या आधी दिल्या म्हणून, दोघं कारागीर आले आणि दिवसभर पातळी लावून बसवत होते. संध्याकाळी रोस्वितानं प्रत्येक दारावरून तळहात फिरवला. एक दार परत पाठवलं. कारागीर म्हणाला, दिसत नाही काही. तिनं दार त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या रविवारी त्यांनी मला पिकर्ट, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे जाड घावन, खायला बोलावलं. एवाल्ड टेबलाशी बसून बटाटे किसत होता, आईचं पातेलं मांडीवर धरून. रोस्विता ओट्याशी उभी. ओटा आता तिच्या कमरेशी येत होता. कांदा समोर, हात समोर, सगळं जागच्या जागी. पण दोनेक मिनिटांनी मी बघितलं तर ती ओट्यापासून पाऊलभर मागं सरकली होती, कंबरेतून वाकली होती आणि मान खाली घालून चिरत होती. एवाल्डनंही बघितलं.

"रोझी," तो म्हणाला, "वर ये."

ती दचकून सरळ झाली. पुढं सरली. पुन्हा चिरू लागली. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"वर ये गं."

"येते रे! सारखं काय?" ती वैतागली, सुरी ठेवून खिडकीशी गेली, परत आली, कमरेवर हात ठेवून त्या ओट्याकडं बघत राहिली. "पाठ दुखत नाही तर काम झाल्यासारखंच वाटत नाही."

"किती दिवस लागतील?" मी विचारलं. उगाचच विचारलं.

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "पस्तीस वर्षांचं वाकणं आहे." आणि तिनं सुरी उचलली, टाचा जमिनीला घट्ट टेकवल्या, आणि कांद्याकडं न बघता समोरच्या भिंतीकडं बघत चिरायला लागली. एवाल्ड किसता किसता थांबून तिच्या पाठीवर नजर ठेवून होता.