लोरीनचं नांगरी इंजिन

लोरीन कुबिचेकनं नवऱ्याच्या चाळीस सालच्या फोर्डमध्ये ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं, अशी बातमी यंदाच्या वसंतात आमच्या गावभर फिरत होती. बेकरीत कोलाचे, म्हणजे आमचे चेक गोड पाव, घ्यायला गेले तर मला ती तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितली. तिसऱ्यानं तर ट्रॅक्टरचा रंगसुद्धा सांगितला. साफ खोटं! माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून लोरीनचं गॅरेज दिसतं. म्हणजे ओट्यावर जरा पुढं वाकलं की दिसतं. इंजिन होतं तेच होतं, मोडीत निघालेल्या एका पिकअप ट्रकचं. बदललं होतं ते त्याच्या पोटातलं सामान. आणि ते का बदलावं लागलं, हे ऐकलंत तर तुमचंही डोकं माझ्यासारखंच फिरेल.

लोरीनचा नवरा एल्डन गेला तेव्हा ती फोर्ड अर्धवट बांधलेली, ताडपत्रीखाली उभी होती. दफन होऊन आठवडा झाला नसेल, तोच गावातल्या जुन्या गाड्यावाल्यांचा क्लब, डस्ट डेव्हिल्स, हत्यारांच्या पेट्या घेऊन दारात हजर. पुढं अध्यक्ष व्हर्जिल टूमा. हा माणूस एरवी मक्याचं बियाणं विकतो आणि उरलेल्या वेळात सल्ले फुकट वाटतो.

"लोरीन, एल्डन आम्हाला भावासारखा होता," व्हर्जिल म्हणाला. "गाडी आम्ही पुरी करतो. तू फक्त कॉफी ठेव."

"करा. पण ऐकून घ्या," लोरीन म्हणाली. "मला शर्यत लावायची नाही. छोटा ट्रेलर मागं जोडून बहिणीकडं डोंगरात जायचंय. इंजिन हळू फिरत असताना जोर पाहिजे."

"होईल, होईल."

तीस सुग्या धान्याचा ट्रक चालवलेली बाई ही. ओझं जागचं हलवायला काय लागतं, ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पण ऐकतंय कोण! यांनी बांधलं ते यांच्या कानांना हवं होतं ते इंजिन. कॅम म्हणजे उंचवट्यांचा दांडा, झडपा उघडणारा. यांनी निवडला त्याचे उंचवटे असे दांडगे, की झडपा मिटायचं नावच घेईनात. इंजिन जोरात पळालं तर ठीक; हळू फिरताना मात्र आत घेतलेला श्वास अर्धा बाहेर सांडायचा. वर हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, तोही बादलीएवढा. चालू केलं की सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडायची, आणि हे बाप्ये डोळे मिटून मान डोलवायचे. त्या थडथडीलाच आमच्याकडे इंजिनाचा मर्दपणा समजतात. माझा नवराही डोलला. त्याला घरी आल्यावर मी थंड सूप वाढलं.

पहिल्याच दिवशी लोरीन किराणा आणायला निघाली. पहिल्या चौकातल्या थांब्यावर इंजिन बंद. दुसऱ्यावर बंद. तिसऱ्यावर तिनं ब्रेक दाबला तर तो दगडासारखा कडक; कारण ब्रेकला जोर मिळतो इंजिनाच्या हवा ओढून घेण्यातून, आणि हे इंजिन ओढून घेण्याच्या नावानं शून्य! गाडी थेट वाचनालयाच्या झेंडूंमध्ये.

यावर व्हर्जिलनं काय म्हणावं? "कसलेल्या इंजिनाला कसलेला हात लागतो, लोरीन."

झेंडू उपटून त्याच्या तोंडात कोंबावेत असं मला वाटलं. सुगी संपली आणि लोरीननं इंजिन बाहेर काढलं.

जुना साधा कॅम परत घालू, असा तिचा विचार होता. एल्डननं त्याचे टॅपेट, म्हणजे उंचवट्यांवर टेकून झडपा ढकलणारे छोटे दट्टे, तिच्या मफिनच्या साच्यात ओळीनं मांडून ठेवले होते. वर्षानुवर्षं प्रत्येक टॅपेट आपल्याच उंचवट्यावर घासून बसलेला असतो; दुसऱ्याच्या जागी घातला तर दोघांचाही भुगा. तर साचा रिकामा! टॅपेट सगळे एका कॉफीच्या डब्यात ओतलेले. मी शोधून काढलं: क्लबातल्या कुणाला तरी नटबोल्ट ठेवायला साचा हवा होता. ज्या माणसाला भाऊ म्हणायचं, त्यानं हातानं लावून ठेवलेलं असं ओतून मोकळं व्हायचं! त्या दिवशी मात्र लोरीन गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून रडली. मी ओट्यावरून मागं सरकले.

मग तिनं नवा कॅम आणला तो सर्वांत स्वस्त, ट्रेलर ओढणारे घालतात तो, आखूड उंचवट्यांचा, टॅपेटसकट. कार्ब्युरेटर भंगारातल्या एका व्हॅनचा, निमुळत्या गळ्याचा, म्हणजे हळू फिरतानाही हवा जोरात आत शिरेल. बाकी ट्रकचंच सगळं ठेवलं. क्लबचा दांडा आणि तो बादलीएवढा कार्ब्युरेटर तिनं पुसूनपासून, खोक्यात घालून व्हर्जिलच्या ओसरीवर ठेवली.

तो तणतणत आला. मी नेमकी तेव्हाच कोलाचे घेऊन तिथं गेले होते. योगायोग.

"आमची मेहनत परत पाठवतेस?" व्हर्जिल ओरडला. "ऐक तरी कसं वाजतंय! शिलाई मशीन! हे नांगराचं इंजिन घेऊन आमची पाटी मिरवायची नाही. पाटी परत दे."

पाटी म्हणजे क्लबच्या नावाची, मागच्या बंपरखाली साखळ्यांना लोंबणारी. पण ही कोणाची? एल्डननं जुने पिस्टन वितळवून, याच गॅरेजात, लोरीनच्याच पातेल्यातून ओतलेली. क्लबची पहिली पाटी! तिला हात लावायची भाषा!

लोरीनचा हात बंपरवर गेला. "चेक उत्सवाच्या मिरवणुकीनंतर बघू," एवढंच ती म्हणाली.

"मिरवणुकीत आमच्या रांगेत नाही हं," व्हर्जिल म्हणाला. "नांगराचं इंजिन ना? जा, गवताचा गाडा ओढ."

"ओढते," लोरीन म्हणाली.

आणि खरंच ऑगस्टमध्ये फोर्डच्या मागं गवताचा गाडा, आणि गाड्यावर आमची पोल्का वाजवणारी अख्खी मंडळी, ढोल आणि ट्युबाच्या भल्यामोठ्या पितळी कर्ण्यासकट. बंपर गाड्याआड झाकला जात होता, म्हणून लोरीननं पाटी काढून गाड्याच्या पाठीवर टांगली. पुढं क्लबची रांग, रांगेच्या शेवटी व्हर्जिलची दोन दारांची लाल कूप गाडी, आणि तिच्या मागं आम्ही. आम्ही म्हणजे मी लोरीनच्या शेजारी, मांडीवर कोलाच्यांचं ताट.

ऊन असं की डांबर मऊ झालेलं. मिरवणूक माणसाच्या चालीनं सरकत होती, आणि तेच या थडथड्यांना झेपत नाही. चर्चच्या चढावर लाल कूप थडथडली, उकळली, वाफेचा ढग सोडला आणि गप्प झाली. व्हर्जिलनं पुनःपुन्हा चावी फिरवली. रांग पुढं निघून गेली. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मागं उत्सवराणी, मागं शाळेचा बँड, सगळं खोळंबलं.

लोरीननं चाक वळवलं, गाड्यासकट कूपच्या बाजूनं पुढं आली, थांबली. खाली उतरून गाड्याच्या मागच्या कडीला दोर अडकवला आणि दुसरं टोक व्हर्जिलपुढं धरलं.

"इथं?" व्हर्जिल म्हणाला. "सगळ्यांदेखत?"

"नाहीतर उतर आणि ढकल," ट्युबावाला वरून ओरडला.

व्हर्जिलनं दोर बांधला. लोरीननं पायाला जरासाच भार दिला. इंजिनानं आवाजही चढवला नाही. फोर्ड, गाडा, ढोल, ट्युबा आणि मागं लाल कूप, सगळं चढावर चालू लागलं. पोल्का सुरू झाली. व्हर्जिलच्या काचेसमोर, हातभर अंतरावर, एल्डनची पाटी सगळा चढभर डुलत होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक टाळ्या वाजवत होते. मी कोलाचे वाटत होते आणि हात दाखवून सांगत होते, मागं बघा, मागं.

माथ्यावर लोरीन थांबली. व्हर्जिल उतरला, टोपी काढून घाम पुसला, पाटीकडं बघायचं टाळत म्हणाला, "बरं, लोरीन. पाटी राहू दे तुझ्याकडं. क्लबची हरकत नाही."

लोरीन म्हणाली, "हवी असेल तर आत्ताच माग, व्हर्जिल. दोर अजून माझ्याच गाड्याला आहे."