कोर्टातली ऊब

मेव्हिस ओल्ड्रॉइड कधी कुणाच्या दारात काही मागायला उभी राहिली नव्हती. थॉर्नबेकच्या प्राथमिक शाळेत तिनं सत्तावीस वर्षं पोरांना दुपारचं जेवण वाढलं. नवरा व्हर्नन बसवर ड्रायव्हर होता. तो गेल्यावरही ती दर शनिवारी दाराची पायरी घासायची आणि रविवारी ब्रोच लावून चर्चला जायची. चौऱ्याहत्तर वर्षांची झाली तरी तिचा कणा ताठ होता आणि जीभही.

तिच्या गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली. एका घरात कुणी शिंकलं तर शेजारच्यानं भिंतीपलीकडून ‘गॉड ब्लेस यू’ म्हणावं, इतकी. त्या वर्षी गॅस आणि विजेचे दर असे काही भडकले की ऑक्टोबर संपायच्या आतच मेव्हिसनं घर तापवणं बंद केलं. अंगावर दोन स्वेटर, त्यावर व्हर्ननचा जुना कार्डिगन, मांडीवर रजई. आणि खुर्ची सरकवून लोरेनच्या भिंतीला लावलेली.

लोरेन सग्डन शेजारी भाड्यानं राहायची. नवरा सोडून गेलेला, दोन पोरं. लहानपणी शाळेत ती मेव्हिसच्याच हातचं जेवली होती, म्हणून चाळिशी आली तरी ती मेव्हिसला शाळेतल्यासारखी ‘मिसेस ओ’ म्हणायची. तिचा घर तापवायचा बॉयलर दोन वर्षं बंद होता आणि घरमालक दुरुस्त करत नव्हता, म्हणून तिनं खोल्याखोल्यांत विजेचे हीटर ठेवले होते. ते दिवसभर चालायचे. मधली भिंत भाकरीच्या तव्यासारखी नाही, पण निवत आलेल्या किटलीसारखी कोमट असायची. मेव्हिस तिला पाठ लावून बसायची आणि मनात म्हणायची, हिला हे परवडतं कसं?

नोव्हेंबरात मीटर बदलायला एक माणूस आला. तरुण होता, बोलका होता. मेव्हिसनं त्याला चहा दिला. जाताना त्यानं विचारलं, “शेजारी कुणी दार उघडत नाही. घरात नसतात का?”

“असते की!” मेव्हिस म्हणाली. “दिवसभर हीटर लावून बसलेली असते. या थंडीत पोरं बनियनवर हिंडतात. आम्ही इथं काकडतोय, आणि तिच्याकडे विजेला काही मोलच नाही. कुठून आणते देव जाणे.”

एवढंच बोलली ती. माणसानं मान हलवली आणि निघून गेला. पंधरा दिवसांनी सकाळी वीज कंपनीच्या दोन गाड्या आल्या, सोबत कागद घेऊन आलेली माणसं. लोरेननं मीटरला वळसा घालून वायर जोडली होती. गल्लीत पडदे हलले. लोरेन ड्रेसिंग गाऊनमध्ये दारात उभी राहून नुसती “ठीक आहे, ठीक आहे” म्हणत होती.

दुसऱ्या दिवसापासून भिंत थंड पडली.

मेव्हिसला ते कळायला वेळ लागला नाही. आपल्याच जिभेनं आपलीही ऊब घालवली, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. घरात श्वासाची वाफ दिसायला लागली तेव्हा ती बाहेर पडली.

आधी वाचनालय. तिथं त्या हिवाळ्यात बोर्ड लावला होता: ‘उबेची जागा. आत या, कुणी काही विचारणार नाही.’ आत सूप वाटत उभी होती चर्चमधली म्युरिएल. मेव्हिसला बघून तिनं मान तिरकी केली आणि म्हणाली, “अगं मेव्हिस, तूसुद्धा?”

“मी पुस्तक परत द्यायला आलेय,” मेव्हिस म्हणाली. हातात पुस्तक नव्हतं. ती वळली आणि परत त्या दारानं कधी गेली नाही. मग दोन आठवडे तिनं दुकानांच्या कॅफेत एकेक कप चहा तासभर पुरवला, म्हाताऱ्यांना मिळणाऱ्या फुकटच्या पासवर बसमधून गावाला फेऱ्या मारल्या. ड्रायव्हर व्हर्ननच्या ओळखीचे निघायचे. तेही नको झालं.

कोर्टात ती अपघातानंच शिरली. बर्फाळ पाऊस कोसळत होता आणि समोर तेच दार उघडं होतं. पहारेकऱ्यानं पर्स तपासली. काळ्या झग्यातला एक उंच माणूस पुढे आला. “सुनावणी ऐकायला आलात का, मॅडम?”

“हो,” मेव्हिस म्हणाली.

त्यानं तिला प्रेक्षकांच्या बाकावर नेऊन बसवलं. मागच्या बाकाखालून खोली तापवणारा जाड रेडिएटर गेला होता. दहा मिनिटांत मेव्हिसच्या पायांची बोटं दुखायला लागली, इतकी ती आधी बधिर झाली होती. इथं सूप नव्हतं, पण म्युरिएलही नव्हती. इथं येणं हा कुणाही नागरिकाचा हक्क होता. तो उंच माणूस, डेस्मंड, तिला तसंच म्हणाला. तो कोर्टाचा शिपाई, नावं पुकारायचा. पुढच्या दिवशी ती चर्चचा कोट घालून, ब्रोच लावून, एक वही घेऊन आली. वहीत ती काहीबाही लिहायची: ‘दारू पिऊन गाडी. मुलगा रडला.’ म्हणजे कुणाला वाटावं, बाई अभ्यास करतेय.

“पुस्तक लिहिताय का?” डेस्मंडनं एकदा विचारलं.

“बघू या,” ती म्हणाली.

त्यानंतर तो तिला रेडिएटरजवळचीच जागा राखून ठेवायचा. त्याला काय समजायचं ते समजलं होतं, पण त्यानं ते कधी तोंडावर आणलं नाही. मेव्हिसला कोर्ट आवडायला लागलं होतं असंही नाही. समोर माणसं आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट कबूल करायची आणि ही मागे बसून पाय शेकायची. घरी जाताना तिला आपली किळस यायची. सकाळी परत यायची.

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी डेस्मंडनं नाव पुकारलं, “लोरेन सग्डन.”

मेव्हिसच्या हातातलं पेन खाली पडलं. लोरेन आत आली. शाळेच्या समारंभाला घालावा तसा निळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले. आरोपीच्या पिंजऱ्याकडे जाताना तिनं प्रेक्षकांच्या बाकांकडे पाहिलं. सगळे रिकामे. फक्त शेवटच्या बाकावर, कोट घालून, ब्रोच लावून, मेव्हिस.

लोरेनचा चेहरा एकदम बदलला. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ओठांनीच, आवाज न करता, म्हटलं, “थँक यू.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मेव्हिसला झालं. उठून जावं तर सगळ्यांना दिसणार. ती बसून राहिली. लोरेनच्या वकीलबाईंनी सांगितलं, मोठ्या मुलाला, ब्रॅडलीला, दमा आहे; घरात भिंतींना बुरशी आली होती; मागच्या वर्षी थंडीत त्याला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. केलं ते चूकच, पण पोराला श्वास घेता यावा म्हणून केलं. मग लोरेननं वाकून त्यांच्या कानात काही सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, “तिला आधार द्यायला तिच्या शेजारीणबाई आज इथं स्वतःहून आल्या आहेत.”

समोर बसलेल्या तिन्ही न्यायाधीशांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. मधल्या बाई म्हणाल्या, “असे शेजारी आता कुठे मिळतात! बरं झालं तुम्ही आलात.”

डेस्मंड भिंतीशी उभा होता. त्यानं मेव्हिसकडे पाहिलं नाही. आपल्या बुटांकडे बघत राहिला. त्यानं पाहिलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं.

लोरेन गुन्हा कबूल करून, ताकीद आणि हप्त्यांनी भरायचा खर्च घेऊन सुटली. बाहेर तिनं मेव्हिसला मिठीच मारली आणि समोरच्या कॅफेत ओढून नेलं.

“माझी सख्खी बहीण नाही आली, मिसेस ओ! मेसेज टाकला, ‘गुड लक’ म्हणून. जसं काय मी गाडीची परीक्षा द्यायला चाललेय! आणि तुम्ही या वयात, एवढ्या थंडीत...”

“लोरेन, मी तुझ्यासाठी नव्हते आले.”

“म्हणजे?”

“मी रोजच येते. तिथं गरम असतं.”

लोरेन मग हसायला लागली, इतकी की शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. “आणि मला वाटलं... अहो, मग मला सांगायचं ना! मीही आले असते. डबा घेऊन!” हसता हसता तिनं मेव्हिसचा हात धरला. “कसले गार हात आहेत हे. मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी शेगडी असते. आपण दोघी जाऊ. एकटीनं गेलं की लाज वाटते, दोघींनी गेलं की गप्पा होतात.”

मेव्हिसनं मान हलवली. धाकटी लाज सांगून टाकली होती. तिच्या आडोशाला थोरली लपून बसली.

लोरेनचं मन मोठं होतं, आणि त्यानंच मेव्हिसला छळलं. हॉलमध्ये ती सगळ्यांना सांगायची, “ह्या माझ्यासाठी कोर्टात आल्या होत्या. सगळं जग पाठ फिरवून बसलेलं, आणि ह्या एकट्या.” रेडिएटरचं नाव ती चुकूनही काढायची नाही. मेव्हिसची अब्रू झाकायची म्हणून ती खोटं बोलत होती. एकदा म्युरिएलनं ते ऐकलं आणि चर्चमध्ये सगळ्यांसमोर मेव्हिसचं कौतुक केलं. लोक हात मिळवायला आले. मेव्हिस त्या रविवारी जेवली नाही.

मार्चमध्ये हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात दोघी कप धूत होत्या. लोरेन धुवायची, मेव्हिस पुसायची. लोरेन म्हणाली, “कुणी चुगली केली देव जाणे. मला वाटतं समोरचा म्हातारा. कायम खिडकीत बसलेला असतो.”

“तो नव्हे,” मेव्हिस म्हणाली. “मी.”

लोरेनचे हात पाण्यात थांबले.

“मीटरवाला आला होता. मी त्याला सांगितलं, तुझे हीटर दिवसभर चालतात म्हणून. तू वायर जोडलीयस हे मला माहीत नव्हतं. पण काहीतरी आहे, हे वाटत होतं. आणि तरी बोलले.”

“का?”

मेव्हिसनं यावर खूप रात्री विचार केला होता. बरीच चांगली उत्तरं तयार होती. ती सगळी तिनं बाजूला सारली.

“मला गार लागत होतं,” ती म्हणाली, “आणि तुला लागत नव्हतं.”

लोरेननं हातातला कप हळूच ओट्यावर ठेवला. “त्या गाड्या येऊन गेल्या, आणि त्यानंतर आठ दिवसांनी ब्रॅडली ॲडमिट झाला,” ती म्हणाली. “तेव्हा तुम्ही त्याला दवाखान्यात कॉमिक्स पाठवली होती.”

“हो.”

“त्यानं जपून ठेवलीत ती.” एवढं बोलून तिनं हात पुसले, कोट घेतला आणि गेली.

त्यानंतर ती बोलली नाही. पण तिनं कुणाला सांगितलंही नाही. गुरुवारी हॉलमध्ये लोक मेव्हिसला विचारायचे, “तुमची लोरेन कुठेय?” मेव्हिस म्हणायची, “कामात असेल.” त्या कौतुकाचं ओझं लोरेननं तिच्याकडेच राहू दिलं. ते मुद्दाम होतं की दया होती, हे मेव्हिसला शेवटपर्यंत कळलं नाही.

जूनमध्ये लोरेनला दुसऱ्या गावात नगरपालिकेचं कोरडं, नवं घर मिळालं. सामान हलवायच्या दिवशी मेव्हिस दारात येऊन उभी राहिली. मदत करू का, असं विचारायची तिची हिंमत होईना. लोरेन खोकी गाडीत टाकत होती. खूप वेळानं तिनं एक खोकं मेव्हिसच्या हातात दिलं. “हे हलकंय. न्या.”

मेव्हिसनं ते गाडीपर्यंत नेलं. ब्रॅडलीनं तिच्या गालाला गाल लावला. त्याला काही माहीत नव्हतं. लोरेन गाडीत चढली, काच खाली केली. “स्वतःला जपा, मिसेस ओ,” ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता काच वर केली.

ऑगस्टमध्ये त्या घरात एक तरुण जोडपं आलं. घरमालकानं बॉयलर बदलून दिला होता. नवी मुलगी बोलकी होती. कचऱ्याचा डबा ठेवता ठेवता म्हणाली, “आमच्या आधी इथं कोणी वीजचोर बाई राहायची म्हणे?”

“लोरेन सग्डन राहायची,” मेव्हिस म्हणाली. “तिचा मुलगा आजारी होता.”

“पकडलं कसं तिला?”

“मी सांगितलं म्हणून.”

मुलगी हसली, मग थांबली. मेव्हिस हसत नव्हती. “ओव्हनमध्ये काहीतरी ठेवलंय,” असं म्हणत मुलगी आत गेली. त्यानंतर ती दिसली की मान हलवते, पण दारात थांबून बोलत नाही. मेव्हिसला तिचा राग येत नाही.